वांग्यांचा नवस

बाबांच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा आमच्या वावरात वांगी ऐन भरात होती. विहिरीतली मोटर पाणी ओढेना म्हणून बाबा पायऱ्या उतरले, शेवाळावरून घसरले आणि खालच्या दगडावर आपटले. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली. उन्हाळा लागेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि बाबा घरी आले ते थेट दारातल्या खाटेवर.

आमचं घर म्हणजे तीन माणसं. बाबा, माय आणि मी. गाव तेलुगू मुलखात, नेरडीगोंड्याच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. वावर लहान, त्यात भाजीपाला. आणि वांगं काही कोणाच्या पायासाठी थांबत नाही. दर तीन-चार दिवसांनी तोडावं लागतं. नाही तोडलं तर पिवळं पडतं, आत बी कडक होतं, आणि झाड असं रुसतं की नवं फूल धरत नाही. तोडायचं, निवडायचं, पोत्यांत भरायचं, आटोत टाकून आदिलाबादच्या रयतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः विकायच्या बाजारात, नेऊन बसायचं आणि विकेपर्यंत ओरडायचं. हे सगळं बाबा आणि माय मिळून करत. आता माय खाटेला बांधली गेली. मजूर सगळे कापूस वेचायला गेलेले, आणि हातात होतं नव्हतं ते दवाखान्यानं खाल्लेलं. उरले मी.

मी आदिलाबादच्या डिग्री कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती. हे मी अभिमानानं सांगते. ज्यांच्या घरात चौथी पिढी पदवीधर होते आहे त्यांनी नाक मुरडलं तरी चालेल. तर पहाटे काटेरी देठांशी मारामारी करायची, दिवसभर बाजारात बसायचं आणि कॉलेज सोडून बाकी सगळं करायचं, असं माझं सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, गावात माणसं नव्हती का? होती. भरपूर होती. आमच्या गल्लीतल्या बाया एकमेकींच्या वावरात पाळीनं जातात. आज हिचा कापूस, उद्या तिची तूर. कोणी कोणाला रोजी देत नाही. आज तू आलीस, उद्या मी येईन. हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. फक्त आमचं घर त्या पाळीत नव्हतं. कारण पाळीत येण्यासाठी आधी कोणाला तरी "या" म्हणावं लागतं, आणि आमच्या घराला मागणं वर्ज्य होतं.

हे वर्ज्य कसं, ते बाहेरच्याला पटत नाही. विरजणाचं घ्या. घरातलं विरजण संपलं तर कोणीही वाटी घेऊन शेजारी जातं. आम्ही जात नव्हतो. दही बिघडलं की आमच्या घरी आठवडाभर दह्याचं नावच निघत नसे, आणि माय सांगायची, "थंडीत दही बरं नसते." उन्हाळ्यात बिघडलं तर उन्हाळ्यात बरं नसायचं. बायांना बस फुकट झाली तेव्हा तर कहर. कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट फाडून देतो, त्याला सगळे झिरो टिकीट म्हणतात. मायनं ते हातात घेतलंच नाही. "आमी फुकट कोनाच्या गाडीत बसत नाई," म्हणाली. कंडक्टर तेलुगू, मायची तेलुगू बाजारापुरती. अख्खी बस थांबली. शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "अम्मा, सरकारची गाडी आहे, माझ्या बापाची नाही." तेव्हा कुठे माय बसली, तेही खिडकीकडे तोंड करून, कोणी ओळखीचं पाहू नये म्हणून.

हा सगळा थाट पत्र्याच्या घरात, बरं का.

याचं मूळ माझ्या आज्यापाशी. आजा एका पेरणीला समोरच्या घरी बैलजोडी मागायला गेला होता. त्याचा एक बैल आजारी होता. समोरच्यांनी दिली नाही. आजा परत आला आणि उंबऱ्यावर उभं राहून म्हणाला, या घरातून यापुढे मागायला कोणी जाणार नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, आणि दरवेळी अपमान थोडा वाढायचा. आधी नुसतं नाही म्हटलं होतं. मग तोंड फिरवून म्हटलं. मी शाळेत जायला लागेपर्यंत त्यात कुत्रंही आलं होतं, समोरच्यांनी आज्याच्या अंगावर सोडलेलं. समोरचं घर म्हणजे खरोखर समोर. आमच्या खाटेवरून त्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसतं. भांडण नव्हतं, बोलणं बंद होतं असंही नाही. पण दोन पिढ्या आम्ही एकमेकांच्या दारातून फक्त लग्नाचं आणि मौतीचं आमंत्रण घेऊन गेलो.

तर खाटेवर पडून बाबांनी काही दिवस माझे काट्यांनी ओरबाडलेले हात पाहिले आणि एका सकाळी म्हणाले, "कोनाले तरी सांगून पाह्यलं पाह्यजे."

'मागून' नाही, 'सांगून'. एवढा शब्द सोडायलाही त्यांना जड गेलं असणार.

माय आधी शेजारच्या काकीकडे निघाली. निघताना उंबऱ्यात थांबली. "रिकाम्या हातानं कसं जाव?" म्हणून टोपलीत चांगली चमकदार वांगी घेतली. बऱ्याच वेळानं परत आली.

"बोलली का?" बाबांनी विचारलं.

"बोलली ना."

"काय बोलली?"

"थंडी लय पडून राह्यली म्हनलं."

"मंग?"

"तिनं बी म्हनलं, व्हय, पडून राह्यली."

"अन् वांगे?"

"घेतले तिनं."

बाबांनी मायला मूर्खात काढलं आणि स्वतः आटोवाल्याला बोलावून घेतलं. हा आटोवाला गावातलाच. बाबांच्या मनात होतं की त्यानं आमची पोती आपल्या फेरीत न्यावीत आणि बाजारात त्याच्या ओळखीच्यांकडे विकायला द्यावीत. आटोवाला आला, खाटेशेजारी बसला, बाबांच्या पायावर हात फिरवला. दोघं डिझेलवर बोलले. रस्त्यावर बोलले. कोणाच्या म्हशीवर बोलले. मग बाबांनी मायला हाक मारून त्याला पिशवीभर वांगी द्यायला लावली आणि तो गेला.

"त्याले समजाले पाह्यजे," बाबा म्हणाले. "पाय दिसत नाई का?"

"दिसला ना," माय म्हणाली. "हात फिरवला की त्यानं."

मी दोघांना हसले. मी शिकलेली. मी ठरवलं की हे काम डोक्यानं करायचं. माझ्याबरोबर शाळेत असलेली एक जण लग्न होऊन गावातच दिली होती. तिच्याकडे गेले आणि आडून आडून सुरुवात केली. "आजकाल घरी काम लय असते ना गं?" ती म्हणाली, "नको विचारू बाई," आणि आपलं काम सांगत बसली. सासू, दीर, दोन म्हशी, सासूचे गुडघे. मी मान हलवत राहिले. उठले तेव्हा मी तिच्या भाचीचा अभ्यास घ्यायचं कबूल केलं होतं. वांगी अर्थात दिलीच होती.

असं आम्ही जवळजवळ सगळ्या गल्लीत फिरलो. जाताना टोपली, येताना टोपली रिकामी, आणि मागायचं तेवढं पोटात. माणसं इकडे वांगी खात होती आणि तिकडे झाडांवर वांगी पिवळी पडत होती.

मग गल्लीच्या टोकाची बाई एक दिवस दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात. "आमच्या घरी काऊन नाई आले वांगे?"

माय गडबडली. "म्हंजे?"

"साऱ्याइच्या घरी आले. आमचंच घर दिसलं नाई का तुमाले? आमी कोनाचं काई खाल्लं हाये का?"

तिला वांगी देऊन शांत केलं. जाता जाता तिनं बाबांच्या खाटेशी थांबून हात जोडले. "कोन्या देवाचा हाये भाऊ, नवस?"

तेव्हा आम्हाला कळलं की गाव आमच्याबद्दल काय समजून बसलं आहे. पाय बरा व्हावा म्हणून यांनी नवस बोललाय आणि घरोघर वांगी वाटतायत. खरं सांगायची ती वेळ होती. "नवस नाही बाई, माणसं पाहिजेत," एवढं म्हणायचं होतं. बाबांनी भिंतीवरच्या देवीच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "बासरचा."

"सरस्वतीचा? पायासाठी?"

आता पायाशी सरस्वतीचा काय संबंध? बाबा अडकले. पण मागण्यापेक्षा खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. "पायासाठी नाई," ते म्हणाले. "पोरगी पास व्हाव म्हनून."

दुसऱ्या दिवशी नळावर बाया माझ्याकडे दयेनं पाहत होत्या. एक दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "पोर लयच कच्ची दिसते माय. किती वांगे वाटा लागून राह्यले!"

म्हणजे मी पास व्हावं म्हणून आम्ही वांगी वाटत होतो आणि वांग्यांपायी मी कॉलेजला जात नव्हते. यावर गावात कोणाला हसू आलं नाही. देवीवर श्रद्धा होती ना.

याच सुमाराला मुधोळचे मामा आले. मायचे सख्खे भाऊ. बाबांचा पाय पाहायला आले होते. पाय पाहून झाला आणि खिशातून मोबाइल काढला. त्यात एका पोराचा फोटो, ट्रॅक्टरला टेकून उभा.

"पोरगं चांगलं हाये. बोअर हाये, ट्रॅक्टर हाये. अन् इथं येऊन राह्यले बी तयार हाये. तुमचं वावर बी पाहीन."

मी चहा आणला होता. तो ठेवून विचारलं, "मामा, वांगे तोडता येते का त्याले?"

"येईन ना. काऊन नाई येनार?"

"मंग लगन काऊन? मजूर म्हनून ठेवू."

"मजुराले रोजी द्या लागते," मामा म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले. गंमत म्हणून नाही. चहा प्यायले आणि मायकडे वळले. "डिग्रीनं काय होते, ताई? डिग्री काय वांगे तोडते? अमावस्येच्या आदी सांगा मले. पोरगं थांबनार नाई."

माय काहीच बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. आणि तिथंच मला पुढचं सगळं दिसलं. कारण मला त्या दोघांचं न बोलणं आता पाठ झालं होतं. काकीकडे न बोलता वांगी गेली. आटोवाल्याकडे न बोलता वांगी गेली. तसंच न बोलता मीही जाणार होते, टोपलीसकट.

त्याच दिवशी कॉलेजमधून फोन आला. माझ्या बाकावर बसणारी मुलगी तेलुगू. मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली, त्यामुळे आमचं बोलणं तेलुगू, हिंदी आणि हातवारे असं मिळून चालायचं. ती म्हणाली, हजेरी फार खाली गेली आहे. सारूंनी, म्हणजे आमच्या सरांनी, वर्गात नाव घेऊन सांगितलंय की पुढच्या आठवड्यापासून आली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी जायला उठले. मायनं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "समोर." माय एवढी घाबरली की तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "समोर? त्याइच्या घरी? गल्लीत दुसरे लोक नाई का?"

"दुसरे झाले सारे. वांगे खाऊन बसले."

मायनं सवयीनं टोपली भरली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि खाटेखाली सरकवली. बाबा छताकडे पाहत होते. पत्र्याच्या छतात पाहण्यासारखं काही नाही.

दोन दारांमध्ये ती एवढीशी गल्ली. पण टोपलीशिवाय चालताना कळेना की हातांचं करायचं काय. पदवीच्या तीन वर्षांत कोणी हे शिकवलं नव्हतं. आधी मागे बांधले, मग ओढणीत गुंडाळले.

समोरची आजी अंगणात सुपात तूर पाखडत होती. वय झालेलं, पण तोंड असं की गल्लीतली कुत्रीही तिच्या दारावरून खाली मान घालून जातात.

"काय गं, आज टोपलं कुठं हाये?"

"आज वांगे नाई आनले, आजी."

"देवी पावली वाटते."

मी उभीच. तिनं बस म्हटलं नाही. मला वाटलं, आता थंडीबद्दल बोलावं. अगदी ओठावर आलं होतं, थंडी लय पडून राह्यली. ते गिळलं आणि म्हटलं, "आजी, मी मांगाले आली."

सूप थांबलं. "काय मांगाले?"

"मानसं. वांगे तोडाले मानसं पाह्यजेत. माह्या एकटीच्यानं होत नाई. कॉलेज सुटून राह्यलं. सुटलं की मामा माहं लगन लावून देते. मले डिग्री पाह्यजे."

"हे तू आता मांगून राह्यली?"

"व्हय."

"मंग इतके दिवस ते वांगे?"

"ते बी मांगनंच होतं, आजी. जमलं नाई."

आजीला असं हसू फुटलं की तूर सांडली. हसता हसता ठसका लागला. सुनेला हाक मारली. "अवं, बाहेर ये! नवस नोता म्हने! मांगत होते म्हने!" सून बाहेर आली, तिला पुन्हा सगळं सांगितलं, आणि दोघी मिळून हसल्या. मी तिथे उभी. मदत मागितली की माणूस नम्र होतो असं लोक म्हणतात. आमच्या गल्लीत आपण होण्याची गरज पडत नाही. धरून नम्र करतात.

मला राग आला आणि मी बोलून गेले. "हसा, हसा. तुमच्या घरानं आमच्या आज्याले बैल नाई देल्ले, तवापासून आमच्या घरी मांगायचं बंद हाये."

आजीचं हसणं थांबलं. "कोनं नाई देल्ले?"

"तुमी. तुमच्या सासऱ्यानं."

"अवं पोरी, मी नवी सून होती. चुलीपाशी बसून होती, च्या मीच केला होता. तुहा आजा आला. पावसापान्याची गोठ केली. च्या पेला. शेंगाची पुडी ठेवली अन् उठून गेला. तुमचा बैल दुखन्यात हाये हे साऱ्या गावाले मालूम होतं. माह्या सासऱ्यानं जोडी बाजूले बांधून ठेवली होती. आता मांगन, मंग मांगन, म्हनून वाट पाहून राह्यले. तो तसाच गेला. दुसऱ्या दिवसापासून येनंजानं बंद!"

"मंग तुमीच काऊन नाई म्हनलं, घेऊन जा म्हनून?"

"त्यानं मांगितलं कुठं? न मांगता देल्लं असतं तं म्हनला असता, मले भिकारी समजले." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आमाले वाटलं, शेंगा घेतल्या अन् काई परत धाडलं नाई, म्हनून रागावला."

मी विचारलं, "अन् कुत्रं?"

"कोनतं कुत्रं?"

"अंगावर सोडलेलं."

"आमी कुत्रं पाळलंच नाई कदी."

दोन पिढ्या आम्ही जो अपमान सांभाळला, तेलपाणी करून, मुलाबाळांना शिकवून, तो झालाच नव्हता. आमच्या आज्यानं मागितलंच नव्हतं. तोही थंडीपावसाचं बोलला आणि शेंगा देऊन घरी आला होता.

आजीनं सांडलेली तूर गोळा करता करता अटी सांगितल्या. सकाळी बाया येतील, पाळीनं. पोती आटोत तिचा लेक चढवेल, बाजारात विकायला द्यायचं आटोवाल्याशी तोच बोलेल. "पन तुमाले बी या लागन. आमचा कापूस हाये, साऱ्याइच्या तुरी हायेत. तुही माय येईन, सुट्टीच्या दिवशी तू बी. डिग्रीवाली म्हनून बांधावर बसू देनार नाई." मी हो म्हटलं. "अन् आता वांगे वाटू नका, तुमच्या पाया पडतो. इतके दिवस ज्याच्या त्याच्या घरून आमच्या घरी वांग्याचीच भाजी येऊन राह्यली. माहा नातू ताट पाहून रडते."

सकाळी बाया आल्या. मुकाट्यानं तोडून जातील ही माझी अपेक्षा चुकीची होती. एकीनं झाडांना नावं ठेवली, एकीनं पाण्याच्या दांडांना. एकजण वांगं तोडून सूर्याकडे धरून म्हणाली, "सरस्वती माय, पोरीले पास कर," आणि सगळ्या सरीमध्ये बसून हसल्या. पिवळी पडलेली आधी तोडून बांधावर फेकली, म्हणजे झाड मोकळं होईल. मी पहिला फेरा त्यांच्याबरोबर तोडला आणि पोती आटोत चढताना पाहिली. त्या निघताना मायनं प्रत्येकीच्या पदरात वांगी टाकायचा प्रयत्न केला. प्रत्येकीनं तिला झिडकारलं. माय रडवेली होऊन म्हणाली, "रिकाम्या हातानं धाडू का त्याइले?" शेजारची काकी म्हणाली, "वयनी, आदत पाडा."

आणि मी कॉलेजची बस पकडली. कंडक्टरनं झिरो टिकीट दिलं, ते घेतलं.

बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मी घराण्याचं नाक कापलं होतं, आणि कापलेलं नाक मुळात नव्हतंच हे आजीनं गल्लीभर सांगितलं होतं, ते त्याहून वाईट. जाणारा येणारा खाटेशी थांबून विचारी, "काय भाऊ, थंडी कशी काय?" बाबा भिंतीकडे तोंड करत. पाय हलवता येत नसलेल्या माणसाला एवढंच करता येतं.

मग एका संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले होते, माय दूध तापवत होती, आणि बाबांनी अचानक खाटेवर कोपरावर उठून समोरच्या आजीला हाक मारली. "काकी! ओ काकी! जराक विरजन हाये का?"

मायच्या हातून झाकणी पडली.

समोरून आवाज आला, "दिवे लागले ना रे! दिवे लागल्यावर कोन विरजन देते? जिंदगीत एकदा मांगितलं, तं असं? सकाळी मांग!"

बाबा आडवे झाले. मला वाटलं, संपलं, आता आणखी दोन पिढ्या. पण खाट हलत होती. ते हसत होते, मांडीतल्या सळईला सांभाळून. सकाळी त्यांनी पुन्हा हाक मारली आणि आजीची सून वाटी घेऊन आली. त्या दिवशीचं दही काही खास नव्हतं, आंबटच होतं. बाबांनी दोनदा घेतलं. अमावस्येच्या आधी त्यांनी मुधोळला फोन लावून मामांना सांगितलं की पोराला दुसरीकडे पाहायला सांगा, आमच्या वावरात सध्या फार माणसं आहेत.

मला मात्र मागायची चटक लागली. दुसऱ्या वर्षापासून माझा एक विषय राहिलेला होता, सांख्यिकी. सारू तेलुगूत समजावत, मी तेलुगूत मान हलवत होते, आणि दोनदा नापास झाले होते. आता बाकावरच्या मैत्रिणीला सरळ म्हटलं, मला यातलं काही कळलेलं नाही, सुरुवातीपासून सांग. ती चकित झाली. "दोन वर्षं तू मान हलवत होतीस! मला वाटलं तुला सगळं येतं. विचारायचं ना!" तिनं जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, रोज, आणि रोज मला मराठीत कशी मान हलवतात ते करून दाखवलं. मीही तिला भरताचा डबा नेत होते. मागून झाल्यावर द्यायला हरकत नाही.

गेल्या वर्षी गावातल्या शाळेत, पदवी मिळाल्याबद्दल, माझा सत्कार ठेवला होता. मुख्याध्यापकांनी शाल घातली आणि मुलांना सांगितलं, "हिच्याकडून शिका. परिस्थितीपुढं वाकली नाही, कोणापुढं हात पसरला नाही. कोणाच्याही मदतीशिवाय ही मुलगी इथपर्यंत पोचली."

मागे बायांमध्ये आजी बसली होती. तिथूनच ओरडली, "मंग वांगे का भुतानं तोडले?"

मुख्याध्यापकांना वाटलं म्हातारीला काही ऐकू आलं नसावं. ते मोठ्या आवाजात पुन्हा म्हणाले, कोणाच्याही मदतीशिवाय. तेव्हा शाल सावरून मला माइक मागावा लागला. मुलांना मी टोपल्यांची सगळी गोष्ट सांगितली, आज्याच्या शेंगांपासून. बाबा पहिल्या रांगेत होते, काठी न घेता चालत आलेले. कुत्र्याच्या ठिकाणी सगळ्यात जोरात तेच हसले.

बाबांचा पाय मोडला त्याच वर्षी मी परीक्षेला बसले. सांख्यिकी सुटली, बाकीचे विषय निघाले, आणि मी बी.कॉम. झाले. वांगी शेवटच्या तोडीपर्यंत तोडली गेली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.